पुराच्या हिशेबात न धरलेला ओंडका

पावसाळा उलटल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, आम्ही काही शिक्षक मंडळी मारुंजीच्या टेकडीवरून उतरणारा एक ओढा पाहत पाहत खाली आलो. ओढ्यात घोट्याइतके पाणी होते. रस्ता जिथे ओढा ओलांडतो तिथे सिमेंटच्या तीन नळांची मोरी आहे. तिचा मधला नळ जवळजवळ बंद झाला होता. तोंडावर सेंट्रिंगची एक बल्ली आडवी अडकलेली, तिच्यामागे गिरिपुष्पाची जाड फांदी, फांदीच्या बेचक्यांत खताच्या रिकाम्या गोण्या, थर्माकोलचे तुकडे आणि वाळके गवत, आणि या सगळ्यावर गाळ बसून भिंत सारवल्यासारखी लिंपून निघालेली. मोरीच्या एका बाजूला रस्त्याचा काठ खचून वाहून गेला होता. आमच्यातील एकांनी सहज विचारले, ‘‘इथे पूर पाण्याने आणला की त्या बल्लीने?’’

प्रश्न विनोदाने विचारलेला होता, पण त्याचे उत्तर आम्हांला पटकन देता आले नाही. आम्ही इतकी वर्षे वर्गात पूर शिकवतो. अतिवृष्टी, जंगलतोड, गाळ साचणे, धरणातून सोडलेले पाणी, ही कारणे आमची आणि मुलांची तोंडपाठ असतात. त्या यादीत ही बल्ली कुठेच नव्हती. पुराविषयी आपण जे शिकवतो, जे मोजतो आणि पूर ओसरल्यावर जे उपाय करतो, त्या तिन्हींवर थोडी टीका करावी, असे त्यामुळे वाटले. टीका प्रथम स्वतःवर आहे, हे वेगळे सांगायला नको.

पूर म्हणजे फक्त पाणी?

पुणे परिसरात पूर म्हटला की धरण आठवते. त्याला कारणही तसेच आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि खडकवासल्याचेही फुटले. ती आठवण अजून घराघरांतून सांगितली जाते. आजही पावसाळ्यात वर्तमानपत्र उघडले की कोणत्या धरणातून किती क्युसेक पाणी सोडले हे पहिल्या पानावर असते. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकता नगरीत पाणी शिरले, तेव्हाही चर्चा झाली ती विसर्गाचीच.

पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात जे घडले ते मोठ्या नदीचे नव्हते. कात्रजच्या डोंगराकडून येणारा आंबिल ओढा, एरवी नाक दाबून ओलांडावा असा, त्या रात्री भिंती फोडत गेला. माणसे दगावली, गोठ्यातली जनावरे वाहून गेली, उभ्या मोटारी काडेपेट्यांसारख्या तरंगत जाऊन एकमेकींवर चढल्या. छोट्या ओढ्याचा पूर हा वेगळ्या जातीचा असतो, हे त्या रात्रीने दाखवले. मोठी नदी चढायला तास किंवा दिवस घेते, इशारा देता येतो. डोंगरउताराचा ओढा मिनिटांत चढतो. आणि तो एकटा येत नाही. वाटेत जे सुटे असेल ते बरोबर घेऊन येतो.

म्हणून आमचा पहिला आक्षेप व्याख्येवरच आहे. आपण मुलांना सांगतो की नदीचे पाणी पात्राबाहेर पसरले म्हणजे पूर. ही व्याख्या चूक नाही, अपुरी आहे. डोंगरी ओढ्याच्या पुरात पाणी, गाळ-दगड आणि तरंगते सामान असे तीन प्रवासी एकत्र निघतात. तिघांच्या चाली निराळ्या. पाणी अरुंद फटीतूनही वाट काढते. दगड तळाशी गडगडत जातो आणि उतार कमी झाला की थांबतो. लाकूड मात्र पृष्ठभागावर वेगाने जाते आणि आपल्या लांबीपेक्षा अरुंद दार भेटले की अडते. ते अडले की दुसरे दोघेही तिथेच अडतात.

सूत्रातली गाळलेली जागा

दुसरा आक्षेप मोजमापावर आहे. मोरी किंवा पूल बांधताना किती पाणी येईल याचा अंदाज करावा लागतो. आपल्याकडे त्यासाठी एक प्रसिद्ध सूत्र आहे आणि त्याचे नाते याच मातीशी आहे. खडकवासल्याची जल व विद्युत संशोधन संस्था १९१६ साली मुंबई इलाख्यात सुरू झालेल्या कामातून वाढली. तिथे दीर्घकाळ काम केलेले आणि तिचे संचालक राहिलेले अभियंते क्लॉड इंग्लिस यांनी सह्याद्रीतील नद्यांचे पूर अभ्यासून हे सूत्र बसवले:

प्र = १२४ × क्षे ÷ √(क्षे + १०.४)

यात ‘क्षे’ म्हणजे पाणलोट क्षेत्र, चौरस किलोमीटरमध्ये, आणि ‘प्र’ म्हणजे पुराचा सर्वोच्च प्रवाह, दर सेकंदाला इतके घनमीटर. एक चौरस किलोमीटर क्षेत्र घातले तर उत्तर सुमारे ३७ येते. म्हणजे तासाला जवळजवळ १३२ मिलिमीटर पाऊस पडून तो सगळाच्या सगळा वाहून आला तर जितके पाणी येईल तितके. घाटमाथ्याच्या पंख्यासारख्या पसरलेल्या पाणलोटांसाठी हे सूत्र आहे. मारुंजीसारख्या मुळा आणि पवना यांच्या मधल्या कमी पावसाच्या टापूत ते जसेच्या तसे वापरणे योग्य नव्हे. तरीही इतक्या थोडक्या चिन्हांत सह्याद्रीचा स्वभाव पकडणाऱ्या या सूत्राबद्दल आम्हांला आदर आहे.

आमचे म्हणणे इतकेच की त्यात असलेले पाणी स्वच्छ आहे. पाणलोटात झाडे किती, सुटे लाकूड किती, काठावर काय रचून ठेवले आहे, याला त्यात जागा नाही. सूत्राकडून ती अपेक्षाही नाही. ते प्रवाहासाठी आहे. पण पुढे जो माणूस त्या उत्तरावरून मोरीचे तोंड ठरवतो, त्याने ही गाळलेली जागा भरायला हवी. पुलांच्या भारतीय मानकांत पुराची पातळी आणि पुलाचा तळ यांच्यामध्ये मोकळी जागा सोडण्याचा नियम आहे. सेकंदाला ३० ते ३०० घनमीटर प्रवाह असेल तर ही जागा निदान ९०० मिलिमीटर असावी लागते, प्रवाह अधिक असेल तर अधिक. तरंगत्या वस्तू जाऊ शकाव्यात हाही या नियमाचा एक हेतू आहे आणि तो स्तुत्य आहे. मात्र ही जागा उंचीची आहे. लाकूड अडते ते बहुधा रुंदीला. शिवाय जागा ठरते ती प्रवाहावरून. वर रान आहे की माळ, याचा तिच्याशी संबंध नाही.

एक हिशेब करून पाहू. मारुंजीच्या मोरीसारखे ९०० मिलिमीटर व्यासाचे तीन नळ घ्या. प्रत्येकाचे क्षेत्रफळ सुमारे ०.६४ चौरस मीटर, तिघांचे मिळून १.९. पाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर धरला तर मोरीतून सेकंदाला सुमारे ३.८ घनमीटर पाणी जाईल. वरचे पाणलोट ४० हेक्टर आहे, तासाला ५० मिलिमीटर दराने पाऊस पडतो आहे आणि त्यातला ६० टक्के वाहून येतो आहे असे धरू. येणारे पाणी सेकंदाला सुमारे ३.३ घनमीटर. कागदावर मोरी उत्तीर्ण झाली.

आता मधला नळ बंद करा. मोरीची क्षमता उरली सुमारे २.५. येणारे ३.३, जाणारे २.५, दर सेकंदाला ०.८ घनमीटर पाणी मागे राहते. दहा मिनिटांत ते ४८० घनमीटर होते, म्हणजे दहा हजार लिटरचे ४८ टँकर. उन्हाळ्यात ज्या वस्त्यांना टँकरची वाट पाहावी लागते त्यांच्या दारात पावसाळ्यात दहा मिनिटांत ४८ टँकर ओतले जातात! मागे पाणी तुंबले की उरलेल्या नळांतला वेग थोडा वाढतो, त्यामुळे आकडा काहीसा कमी होईल, हे खरे. पण त्याच वेळी उरलेल्या दोन नळांवरही काडीकचरा जमत असतो, हेही तितकेच खरे. पाऊस वाढलेला नाही, जंगलतोड झालेली नाही, धरणाचा दरवाजा उघडलेला नाही. एका बल्लीने हा पूर केला.

इंग्लंडमध्ये हा धडा दोनदा गिरवला गेला. १५ ऑगस्ट १९५२ च्या रात्री लिनमथ या समुद्रकाठच्या गावात डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांनी उपटलेली झाडे आणि दगड यांचे बांध पुलांपाशी साचले आणि ते फुटले. ३४ माणसे मेली. १६ ऑगस्ट २००४ रोजी बॉसकॅसल गावात झाडे आणि मोटारी पुलात अडकल्या आणि पाणी गावातून वाहू लागले. यातला ‘फुटले’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अडलेल्या लाकडामागे दोन मीटर पाणी साचले आणि अडथळा पाच मीटर रुंद असला तर त्यावर सुमारे दहा टन भाराइतका दाब येतो. तो अडथळा सुटतो तेव्हा खालच्या माणसाला पावसाने दिलेला नव्हे, तर साठवलेला पूर एकदम भेटतो.

आमच्याकडे कुठे आहेत ओंडके?

यावर कुणी म्हणेल की हे आल्प्सचे आणि हिमालयाचे प्रश्न झाले, मारुंजीला जंगल आहे कुठे? हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे.

सह्याद्रीच्या उतारांवर जिथे दरड कोसळते तिथे माती-दगडांबरोबर झाडेही उभी-आडवी खाली येतात. ३० जुलै २०१४ चे माळीण, २२ जुलै २०२१ चे तळिये, १९ जुलै २०२३ चे इरशाळवाडी या दुर्घटना वाचकांच्या स्मरणात आहेत. दरड जर ओढ्यात उतरली तर तिच्यातल्या झाडांचा पुढचा प्रवास पाण्यावर होतो. काठ खचून पडणारी झाडे हा दुसरा पुरवठा. इतका भाग सर्व डोंगरी मुलखांना सारखा आहे.

पिंपरी-चिंचवड, चाकण, हिंजवडी या पट्ट्याचे लाकूड मात्र वेगळे आहे आणि ते आपणच पुरवतो. बांधकामाच्या जागी ओढ्याकाठी रचलेल्या बल्ल्या आणि सेंट्रिंगच्या फळ्या, कारखान्यांतल्या यंत्रभागांच्या पॅकिंगची लाकडी खोकी आणि चौकटी, प्लायवुड, टायर, थर्माकोल. त्यात टेकड्यांवर लावलेल्या गिरिपुष्प आणि सुबाभळीच्या फांद्यांची भर. पवना, मुळा आणि इंद्रायणी यांच्या पात्रांत सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी असते. पहिल्या मोठ्या पावसात तिचे तराफे सुटून खाली जातात. यातील प्रत्येक वस्तू एकटी असती तर बहुधा निघून गेली असती. धोका त्यांच्या युतीत आहे. लांब आणि ताठ वस्तू आडवी बसते, मध्यम वस्तू तिच्यावर टेकतात, आणि प्लास्टिक, गवत, जलपर्णी फटी बुजवतात. तुळई, वासे आणि कुडाचे सारवण, हीच ती रचना. घर बांधण्याऐवजी ओढ्याने भिंत बांधली इतकेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर मुंबईत प्लास्टिकच्या पिशव्यांवर बरीच चर्चा झाली, ती योग्यच होती. पण पिशवी ही सारवण आहे. तिला धरून ठेवणारी तुळई कोणती, हा प्रश्न कमी विचारला गेला.

आणखी एक बदल आम्हांला महत्त्वाचा वाटतो. पूर्वी नदीकाठच्या गावांतून पट्टीचे पोहणारे पुरातली लाकडे काढत. पूर ओसरला की बाया-माणसे ओढ्यातला काटूक-फाटा वेचून नेत. चुलीला सरपण लागे. त्या गरजेने, कुणाच्या आदेशाशिवाय, ओढा दर वर्षी साफ होई. आता या पट्ट्यात घरोघरी गॅस आहे. सरपणाचे कष्ट आणि धूर गेला हे फार चांगले झाले. ते दिवस परत यावेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण जे काम फुकट होत होते ते बंद पडले आहे आणि ते आता कुणाच्या तरी वेळापत्रकात यायला हवे, हे आपल्या लक्षात आलेले नाही.

लाकूड वाचता आले पाहिजे

२०२५ च्या पावसाळ्यात हिमाचल प्रदेशात पुराबरोबर ओंडक्यांचे थर वाहून आले. पंडोह धरणाच्या जलाशयावर पसरलेल्या लाकडांची चित्रे देशभर पाहिली गेली. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशा वाहत्या लाकडांची दखल घेऊन केंद्र आणि संबंधित राज्यांना नोटिसा दिल्या आणि बेकायदा वृक्षतोडीची शंका बोलून दाखवली. दुसरीकडे, हे पडलेले आणि वाहून आलेले लाकूड आहे असेही सांगितले गेले. न्याय करणे आमचे काम नाही. पण ‘लाकूड दिसले म्हणजे चोरी’ आणि ‘पूर आहे म्हणजे नैसर्गिक’ ही दोन्ही विधाने लाकडाकडे न पाहता केलेली आहेत, एवढे म्हणावेसे वाटते.

ओंडका बोलतो. बुंध्याला मुळांचा गड्डा असेल तर झाड उन्मळले, म्हणजे काठ खचला किंवा दरड आली. टोक सपाट असेल तर करवत चालली. टोके पिंजलेली आणि साल पूर्ण सोललेली असेल तर प्रवास लांबचा. साल शाबूत आणि पाने हिरवी असतील तर झाड जवळचे आणि घटना ताजी. लाकूड हलके, भुसभुशीत, बुरशीने खाल्लेले असेल तर ते वर्षानुवर्षे रानात पडून होते. फळीला खिळे असतील तर ती आपलीच. मोरीपाशी साठलेल्या ढिगातील शंभर तुकडे असे वेगळे केले की दोष कुठे शोधायचा हे बऱ्याच अंशी कळते. ही पाहणी करायला उपकरण लागत नाही आणि नववीच्या मुलांना ती सहज जमेल. आरोप करण्यापूर्वी मोजणी करावी, हा संस्कार विज्ञानाच्या तासाला द्यायचा नाही तर केव्हा?

उपायांवरही टीका

आपला नेहमीचा उपाय म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर एकदा नालेसफाई. ती हवीच. पण तिच्यात दोन दोष आहेत. एक, ती मे महिन्यात होते आणि पुरवठा जूनपासून सुरू होतो. निरीक्षणांत असे आढळले आहे की लाकूड प्रामुख्याने पूर चढत असतानाच वाहते. म्हणजे पाण्याचा कळस येण्याआधीच मोरी बुजलेली असू शकते. म्हणून मे महिन्याच्या साफसफाईपेक्षा प्रत्येक मोठ्या पावसानंतरची फेरी अधिक मोलाची. दोन, काढलेला ढीग बहुधा काठावरच टाकला जातो, आणि पहिला पूर तो पुन्हा आत घेतो. यावर टीका करायला शास्त्र लागत नाही.

दुसरे टोक म्हणजे ओढा सपाट करून काठची झाडे सरसकट काढणे. अमेरिकेच्या वायव्य भागात विसाव्या शतकाच्या मध्यावर सामन माशांना अडथळा होतो म्हणून ओढ्यांतले लाकूड काढून टाकण्यात आले. पुढे लक्षात आले की त्याच लाकडामागे डोह बनत होते, मासे आसरा घेत होते, पाण्याची धाव कमी होत होती. मग तेच लाकूड खर्च करून परत आणून टाकावे लागले. आपल्या ओढ्यांकाठचे करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज हे मुळांनी काठ धरून ठेवतात. ती झाडे तोडली तर काठ ढासळेल आणि नवे लाकूड व माती मिळेल. काढायचे ते मेलेले, कललेले, मुळे उघडी पडलेले झाड. उभे निरोगी झाड नव्हे. आणि वरच्या रानात, जिथे खाली मोरी नाही की वस्ती नाही, तिथले पडलेले लाकूड राहू द्यावे. लाकूड हा शत्रू नाही. चुकीच्या जागी अडलेले लाकूड हा धोका आहे.

परदेशी उपायांची भलावणही जपून करावी. स्वित्झर्लंडमध्ये ऑगस्ट २००५ च्या पुरात लाकडाने बरेच नुकसान केले. झ्युरिकच्या मुख्य रेल्वे स्थानकाखालून झील नदी वाहते. तिथे लाकूड अडले तर शहर बुडेल, म्हणून शहराच्या वरच्या बाजूला लांगनाऊ येथे २०१७ साली लाकूड अडवण्याची योजना पुरी झाली. तिची कल्पना सुंदर आहे. नदीच्या वळणावर पृष्ठभागावरचे पाणी बाहेरच्या काठाकडे झुकते आणि तळाचा गाळ आतल्या काठाकडे. म्हणून बाहेरच्या काठाला एक बाजूचा कालवा काढून त्यात खांबांची रांग उभी केली. लाकूड आपोआप तिकडे जाऊन अडते, दगड-गाळ मात्र नदीतून पुढे जातो. जपानमध्ये डोंगरी ओढ्यांत पोलादी नळ्यांचे, मध्ये फटी ठेवलेले बांध बांधतात. तरी जुलै २०१७ मध्ये उत्तर क्यूशूच्या पुरात दोन लाख घनमीटरहून अधिक लाकूड सुटले. बांध कितीही असले तरी मूळ उतार अस्थिर असेल तर ते पुरे पडत नाहीत, हा त्यातला धडा.

या रचना पाहून भारावून जाऊन तशीच जाळी प्रत्येक मोरीपुढे ठोकली तर काय होईल? जाळी साफ करायला यंत्र जायला रस्ता नसेल, माणूस नेमलेला नसेल, तर पहिल्याच पुरात जाळी हाच बांध होईल. झ्युरिककडून घ्यायचे ते तत्त्व. लाकूड कुठे ना कुठे अडणारच आहे. तर ते कुठे अडावे हे आपण ठरवावे, आणि ती जागा अशी असावी की मागे पाणी तुंबले तरी घर बुडणार नाही आणि ट्रॅक्टर काठापर्यंत पोहोचेल. तिथे अंतरा-अंतराने खांब पुरेसे. दोन खांबांतील अंतर खालच्या मोरीच्या दारापेक्षा कमी हवे, म्हणजे जे खांबांतून सुटेल ते मोरीतूनही सुटेल.

त्याहून स्वस्त उपायही आहेत. नवी मोरी बांधताना तीन नळांऐवजी तेवढ्याच क्षेत्रफळाचे एकच रुंद दार ठेवावे. मधल्या भिंती म्हणजे ओंडक्याला दिलेले टेकू. ओढ्याच्या पूररेषेत बल्ल्या, खोकी, भंगार रचू देऊ नये. उचलता न येणाऱ्या ओंडक्याचे करवतीने दाराच्या निम्म्या रुंदीहून लहान तुकडे करावेत. जून २०२५ मध्ये हिंजवडीत रस्त्यांचेच ओढे झाले, तेव्हा नैसर्गिक नाले बुजल्याची आणि वळवल्याची चर्चा झाली. नाल्याची रुंदी राखणे ही पहिली गोष्ट. पण रुंदी राखूनही दाराशी बल्ली असेल तर उपयोग नाही, ही दुसरी.

वर्गात करता येण्याजोगे

टीका केली तर पर्यायही द्यावा. पत्र्याची किंवा प्लास्टिकची दीड मीटर लांबीची पन्हळ घ्या. थोड्या उताराने मांडून वरच्या टोकाला नळाचे पाणी सोडा. खालच्या बाजूला ओल्या मातीची किंवा पुठ्ठ्याची आडभिंत करून तिला चार सेंटिमीटर व्यासाची तीन भोके पाडा. भिंतीच्या अलीकडे पट्टी उभी करून पाण्याची उंची नोंदवा. मग क्रमाने पाहा: नुसते पाणी, भोकापेक्षा आखूड काड्या, भोकापेक्षा लांब खराट्याच्या काड्या, नुसता पाला, आणि शेवटी आधी एक लांब काडी आणि मग पाला. दर वेळी पाणी किती मिलिमीटर चढले ते फळ्यावर लिहा. नंतर तीन भोकांऐवजी चार सेंटिमीटर उंच आणि ९.४ सेंटिमीटर रुंद असे एकच दार करा. क्षेत्रफळ तेवढेच, सुमारे ३७.७ चौरस सेंटिमीटर. सर्व प्रयोग पुन्हा करा. पन्हळ अरुंद असेल तर मापे त्याच प्रमाणात लहान घ्या. दोन रकान्यांतील फरक मुलांना स्वतः शोधू द्या. आधी सांगू नका.

दुसरा उपक्रम गावातला. शाळेच्या परिसरातील मोऱ्या आणि फरशी पूल यांची यादी करावी: दारे किती, प्रत्येकाची रुंदी, वर शंभर मीटरपर्यंत काठावर पडलेल्या सुट्या वस्तू, त्यांतली सर्वांत लांब वस्तू किती मीटर. लांबी दाराच्या रुंदीहून जास्त असेल तिथे लाल खूण. ही पाहणी मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत, कोरड्या दिवशी आणि शिक्षकांबरोबरच करायची. पावसाळ्यात कुणीही मुलाने ओढ्यात उतरायचे नाही. वाहत्या पाण्यातला एक टनाचा ओंडका सेकंदाला तीन मीटर वेगाने येतो तेव्हा तो त्याच वेगाने आलेल्या छोट्या मोटारीइतकाच जोराचा असतो, आणि त्याला ब्रेक नसतो. तयार झालेला तक्ता ग्रामपंचायतीला किंवा महानगरपालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला द्यावा, प्रत शाळेत ठेवावी आणि पुढच्या वर्षी त्याच मोऱ्या पुन्हा पाहाव्यात. एका वर्षाची यादी ही तक्रार असते. पाच वर्षांची यादी ही नोंद असते, आणि नोंदीकडे दुर्लक्ष करणे कठीण जाते.

मारुंजीच्या त्या मोरीवरून सकाळी शाळेत जाणारी मुले चालत असतात. काठ खचला होता तिथे कुणीतरी एक दगड आणि त्यावर लाल चिंधी ठेवली होती. निघताना आम्ही चौघांनी मिळून ती बल्ली ओढून काढली. मागचा गाळ सुटला, मधल्या नळातून गढूळ पाणी आले आणि थोड्या वेळाने निवळले. बल्ली आम्ही काठावर टाकली नाही, रस्त्यापर्यंत नेली. बल्लीवर खिळ्यांच्या खुणा होत्या. ती रानातून आलेली नव्हती.